सेवा बंद करा, पण विकलेले यंत्र निकामी करू नका

प्रति,
इंटरनेटला जोडलेली उपकरणे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांचे संचालक, उत्पादन प्रमुख आणि अभियंते यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्षेत्रातून एका ठरावीक साच्याची बातमी गेली दहा वर्षे सतत येते आहे. अमुक उपकरणाची ऑनलाइन सेवा अमुक तारखेपासून बंद. घोषणेत आधी ग्राहकांचे आभार असतात, मग तारीख, आणि शेवटी नव्या मॉडेलवर थोडीफार सवलत. उपकरणात कसलाही बिघाड झालेला नसतो. मोटर फिरत असते, बॅटरी टिकत असते, सेन्सर अचूक मोजत असतो. तरी त्या तारखेनंतर ते उपकरण काही कामाचे राहत नाही. लोकांना या बातम्यांची सवय होत चालली आहे. ती पुरती अंगवळणी पडण्याआधी तुम्हाला जाहीरपणे विचारायला हवे, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे असे आहे. सेवा बंद करण्याचा अधिकार तुमचा आहे. विकलेली वस्तू निकामी करण्याचा अधिकार तुमचा नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. त्या एकमेकींत गुंतवल्या जातात त्या उपकरणाची रचना ठरवताना, आणि ती रचना तुम्हीच ठरवता.

मी स्वतः सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर सांभाळण्याचे काम करतो. सर्व्हर चालू ठेवायला पैसा लागतो, माणसे लागतात, मध्यरात्री उठून बिघाड शोधावा लागतो, हे मला चांगले ठाऊक आहे. कंपन्या बुडतात, विकल्या जातात, हेही समजते. त्यामुळे कुठलीही सेवा कायमची चालवा, असे मी म्हणणार नाही. पण याच कामामुळे मला हेही दिसते की तुम्ही ज्याला नाइलाज म्हणता तो बहुतेक वेळा नाइलाज नसतो.

या विषयाशी माझा संबंध केवळ व्यवसायापुरता नाही. माझ्या आईचा रक्तदाब कधी चढतो, कधी एकदम उतरतो. डॉक्टरांनी रोज मोजून नोंद ठेवायला सांगितली, म्हणून फोनला जोडला जाणारा एक पट्टा घेतला. दंडाला गुंडाळायचा, त्यावर एकच बटण, पडदा नाही. आकडा फोनवर दिसायचा. पुढे कंपनीने सेवा बंद केली. आता बटण दाबले की पट्टा फुगतो, दंड आवळतो, हळूहळू हवा सुटते आणि हिरवा दिवा लागतो. म्हणजे मोजून झालेले असते. पण फोनवरचे ॲप लॉग-इनच्या पानापुढे सरकत नाही, कारण लॉग-इन तपासणारा सर्व्हरच आता नाही. "यंत्र चालतंय ना, मग आकडा जातो कुठे?" असे आईने विचारले. आकडा कुठेच जात नाही. तो तिच्या दंडावर, पट्ट्याच्या आतल्या चिपमध्येच असतो, आणि हातभर अंतरावरच्या फोनला तो वाचायची परवानगी नसते.

यातली खटकणारी गोष्ट अशी की रक्तदाबाच्या यंत्राने आकडा फोनला कसा सांगावा, याची जाहीर, कुणालाही वापरता येणारी पद्धत ब्लूटूथच्या मानकांतच आहे. ती वापरली असती तर दुसरे कुठलेही साधे ॲप हा पट्टा वाचू शकले असते. कंपनीने स्वतःची वेगळी, कुलूपबंद पद्धत वापरली. आईच्या जुन्या नोंदीही त्याच सर्व्हरबरोबर गेल्या. गोळीचा डोस वाढवायचा की कमी करायचा, हे ठरवताना डॉक्टर त्या नोंदी बघत असत.

कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण ही एका कंपनीची गोष्ट नाही. आता माझ्या तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार, आणि बाकीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ: जे काम घरातल्या घरात होऊ शकते ते तुम्ही दूरच्या सर्व्हरवरून करवता. दिवा आणि फोन एकाच खोलीत, एकाच वाय-फायवर असतात. तरी फोनवर दाबलेले बटण आधी शेकडो किंवा हजारो किलोमीटर दूरच्या डेटा सेंटरमध्ये जाते आणि तिथून दिव्यापर्यंत परत येते. मधला एक दुवा तुटला की दिवा लागत नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या डीएनएस नोंदींत (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यादीत) गोंधळ झाला आणि जगभरातल्या असंख्य सेवा तासन्‌तास कोलमडल्या. त्या दिवशी एट स्लीप या कंपनीच्या, तापमान राखणाऱ्या महागड्या गाद्यांवर झोपलेल्या लोकांना आपल्याच गादीचे तापमान बदलता येईना. गादी त्यांच्या अंगाखाली, फोन उशाशी, आणि दोघांमधला संवाद व्हर्जिनियातून होणार! पुढे काही दिवसांतच त्या कंपनीने इंटरनेट नसताना ब्लूटूथवरून गादी चालवण्याची सोय दिली. ती दिली हे चांगलेच झाले. पण जी सोय काही दिवसांत देता आली, ती पहिल्या दिवसापासून का नव्हती, याचे उत्तर तुम्ही सगळ्यांनीच द्यायला हवे.

ही तुमची तांत्रिक गरज नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेले 'मॅटर' हे मानक घरातली उपकरणे घरातल्याच जाळ्यावर एकमेकांशी बोलावीत, याच पायावर उभे आहे, आणि ते बनवण्यात तुमच्यातल्याच सर्वांत मोठ्या कंपन्या होत्या. तेव्हा मार्ग तुम्हाला ठाऊक आहे. सर्व्हरमार्गे जाण्यात ग्राहकाच्या वापराची माहिती मिळते, त्याला खाते उघडायला लावता येते आणि पुढे मासिक वर्गणी सुरू करता येते. हा व्यवसायाचा निर्णय आहे. तो घ्या, पण त्याला तांत्रिक अपरिहार्यता म्हणू नका.

दुसरी तक्रार, वस्तू किती काळ चालणार हे विकताना न सांगण्याची. कधी तर उलटच सांगितले जाते. घरातली स्मार्ट उपकरणे एकत्र चालवणारे रिव्हॉल्व्ह नावाचे यंत्र सुमारे ३०० डॉलरला विकले गेले, तेही आजन्म सेवेच्या आश्वासनासह. २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केले. आजन्म म्हणजे कुणाचा जन्म, हे ग्राहकाला तेव्हा कळले. २०१९ मध्ये जिबो या घरगुती रोबोने स्वतःच्याच आवाजात मालकांना सांगितले की त्याचे सर्व्हर लवकरच बंद होणार आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये लहान मुलांशी गप्पा मारणारा मॉक्सी हा रोबो बनवणारी एम्बॉडिड ही कंपनी पैशांअभावी बंद पडत असल्याचे जाहीर झाले. ७९९ डॉलरचा तो रोबो काही मुलांचा रोजचा सोबती होता, आणि तो बोलायचा थांबणार हे मुलांना कसे समजवावे, या पेचात पालक पडले. मॉक्सीबद्दल पुढे एक चांगली गोष्टही घडली, तिच्याकडे येईन.

तिसरी तक्रार सगळ्यांत गंभीर आहे, आणि इथे मला थोडे थांबून लिहायचे आहे.

अर्गस २ हे दृष्टिपटलावर बसवायचे इम्प्लांट होते. सेकंड साइट या अमेरिकन कंपनीने ते बनवले. युरोपात त्याला २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१३ मध्ये परवानगी मिळाली. चष्म्यावरचा कॅमेरा समोरचे दृश्य टिपायचा, कमरेला अडकवलेला छोटा संगणक त्यावर प्रक्रिया करायचा आणि डोळ्यात बसवलेले ६० इलेक्ट्रोड दृष्टिपटलाला सौम्य विद्युत संकेत द्यायचे. त्यातून पूर्ण नजर येत नसे. प्रकाशाचे ठिपके, कडा, दाराची चौकट, समोर कुणी उभे आहे एवढे कळायचे. ज्याला काहीच दिसत नव्हते त्याला हे किती मोलाचे, ते मी काय सांगणार. कंपनीची इम्प्लांट्स जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांच्या शरीरात बसवली गेली. २०१९ मध्ये कंपनीने या इम्प्लांटचे उत्पादन थांबवले आणि २०२० मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन बहुतेक कर्मचाऱ्यांना कमी केले. आयईईई स्पेक्ट्रम या नियतकालिकाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हे सगळे उजेडात आणले. कमरेचा संगणक बिघडला तर दुसरा मिळेना, दुरुस्ती कोण करणार ते माहीत नाही. एका रुग्णाला मेंदूचे एमआरआय करायला सांगितले होते. डोळ्यात हे उपकरण असताना एमआरआय सुरक्षित आहे का, हे कंपनीकडून जाणून घ्यायचा प्रयत्न झाला, पण तिकडून माहिती मिळेना.

शरीरात शस्त्रक्रिया करून बसवलेली वस्तू दुकानात परत करता येत नाही. ती काढायची तर पुन्हा शस्त्रक्रिया, तिची जोखीम आणि तिचा खर्च. अशा वस्तूची माहिती, तिचे आराखडे, तिचे सॉफ्टवेअर एका कंपनीच्या बँक खात्याच्या भरवशावर सोडले गेले, आणि औषधनियमन करणाऱ्या संस्थांनीही परवानगी देताना याची पुरेशी काळजी घेतली नाही. मेंदूत आणि मज्जासंस्थेत बसवायच्या उपकरणांच्या नव्या कंपन्या आज मोठमोठी भांडवले उभारत आहेत. त्यांच्या प्रात्यक्षिकांच्या चित्रफिती बघून मलाही आनंद होतो. संगणकाचा बाण केवळ विचाराने हलवणारा रुग्ण पाहून कुणाला होणार नाही? पण त्या प्रत्येक कंपनीला माझा एकच प्रश्न आहे: कंपनी उद्या बंद पडली तर या माणसाचे काय? याचे लेखी, कायद्याने बांधलेले उत्तर पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी तयार असायला हवे.

चौथी तक्रार लहान आहे. पुस्तके आणि खेळ यांचीही तीच गत. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने विकलेली काही ई-पुस्तके, हक्कांच्या घोळामुळे, लोकांच्या किंडल या वाचनयंत्रातून परस्पर पुसून टाकली. नंतर कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि विकत घेतलेली पुस्तके वाचकांच्या यादीतून गेली. पैसे परत दिले गेले, पण पुस्तक ठेवायचे की पैसे घ्यायचे, हे वाचकाला विचारले नाही. ३१ मार्च २०२४ रोजी यूबिसॉफ्टने 'द क्रू' या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेला युरोपात दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. खेळासाठी एवढे लोक पुढे येतात याचा अर्थ रोष साठलेला आहे, हे तुमच्या लक्षात यावे.

पाचवी तक्रार सुरक्षिततेच्या नावाखाली चाललेल्या युक्तिवादाबद्दल. "जुनी उपकरणे जोडलेली ठेवणे धोक्याचे, म्हणून आम्ही ती बंद करतो," असे तुम्ही म्हणता. धोका खरा आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेकांना उघडेनात. पण ती उपकरणे धोकादायक झाली ती तुम्ही सोपे पासवर्ड घालून विकलीत आणि दुरुस्तीची सोय ठेवली नाहीत म्हणून. शिवाय जे उपकरण बाहेरच्या जाळ्याशी बोलतच नाही, फक्त घरातल्या फोनशी बोलते, त्याच्यावर बाहेरून हल्ला करणे कितीतरी अवघड होते. म्हणजे सुरक्षिततेची काळजी खरी असेल तर शेवटच्या अपडेटमध्ये उपकरणाला स्थानिक पातळीवर चालायला शिकवा. ते निकामी करणे हा सुरक्षेचा उपाय नव्हे.

याच्याच जवळची एक गोष्ट तुमच्या घोषणांत कधी येत नाही. काही उपकरणे कुणी काही न ठरवताच मरतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची, म्हणजे संकेतस्थळांची ओळख खरी असल्याची ग्वाही देणाऱ्या डिजिटल दाखल्याची, मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे वापरणाऱ्या संकेतस्थळांवर विश्वास ठेवायला जुनी उपकरणे याच मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर होती. ज्यांना अपडेट मिळाले नव्हते अशा अनेक यंत्रांची जोडणी त्या दिवशी तुटली. ही तारीख कितीतरी वर्षे आधीपासून त्या प्रमाणपत्रातच लिहिलेली होती. आजही विकल्या जाणाऱ्या उपकरणांच्या पोटात अशा तारखा आहेत, आणि त्या फक्त तुम्हाला वाचता येतात.

मग हे सगळे जाते कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. त्यातले तुमच्या निर्णयांमुळे किती, हे या आकड्यात वेगळे दाखवलेले नाही. पण चालू स्थितीतले यंत्र कचऱ्यात जाण्याचे समर्थन कुठल्याच आकड्याने होत नाही.

आता "हे शक्य नाही" या तुमच्या उत्तराकडे येतो, कारण ते तुमच्यातल्याच लोकांनी खोटे ठरवले आहे.

पेबल हे मनगटी घड्याळ घ्या. २०१६ च्या डिसेंबरमध्ये कंपनी बंद झाली, फिटबिट या दुसऱ्या कंपनीने तिचे सामान-सुमान विकत घेतले. ३० जून २०१८ रोजी सर्व्हर थांबवायच्या आधी फिटबिटने ॲपमध्ये असा बदल केला की ते सर्व्हरवर अडून राहणार नाही. घड्याळाच्या चाहत्यांनी रेबल नावाने पर्यायी सेवा उभी केली आणि घड्याळे चालू राहिली. जानेवारी २०२५ मध्ये, तोवर फिटबिटची मालक झालेल्या गूगलने पेबलच्या प्रणालीचा मूळ कोडच कुणालाही वाचता-बदलता येईल असा खुला केला, आणि त्या कोडवर नवी घड्याळे निघाली. कुणाचे काय बिघडले?

गूगलनेच १८ जानेवारी २०२३ रोजी स्टेडिया ही खेळांची सेवा बंद केली तेव्हा लोकांचे पैसे परत दिले आणि त्याशिवाय खेळाचा कंट्रोलर साध्या ब्लूटूथवर चालावा म्हणून एक सोय दिली. ज्यांनी तो बदल करून घेतला त्यांचा कंट्रोलर आज ब्लूटूथ असलेल्या संगणकाला जोडता येतो. मॉक्सीबद्दल मघाशी म्हणालो ती गोष्ट हीच: बुडत असलेल्या कंपनीने ओपन मॉक्सी या नावाने कोड खुला केला, म्हणजे घरच्या संगणकावरून रोबो चालवता यावा. ज्या कंपनीकडे पगाराला पैसे नव्हते तिला हे जमले. तुमच्यापैकी ज्यांच्या तिजोऱ्या भरलेल्या आहेत त्यांनी शक्य नाही म्हणू नये.

आणि सर्वांत जुने उदाहरण लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचे. त्यात लिनक्स ही खुली संगणकप्रणाली वापरली होती, तिच्या परवान्यानुसार कोड खुला करणे बंधनकारक होते, आणि लोकांनी आग्रह धरल्यावर २००३ मध्ये कंपनीने तो खुला केला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला, जो आज दुसऱ्या अनेक कंपन्यांच्या सोडून दिलेल्या राउटरांना नवी सुरक्षा अपडेट पुरवतो. कोड खुला केल्याने लिंक्सिसचे नुकसान झाले नाही. उलट तो राउटर वर्षानुवर्षे खपत राहिला.

विंडोज १० या संगणकप्रणालीचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यावरही बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती. पण तिच्यावर चालणारा संगणक दुसऱ्या दिवशीही सुरू होतो. त्यावर लिनक्स टाकून मालक तो आणखी काही वर्षे वापरू शकतो, कारण त्या यंत्रात दुसरे सॉफ्टवेअर घालायचा दरवाजा उघडा आहे. तुमच्या बहुतेक उपकरणांत बूटलोडरला (यंत्र सुरू होताना कोणते सॉफ्टवेअर चालवायचे ते ठरवणाऱ्या भागाला) कुलूप असते आणि किल्ली फक्त तुमच्याकडे. तुम्ही निघून जाताना ती किल्लीही बरोबर घेऊन जाता. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

तेव्हा मागण्या अशा.

एक. उपकरणाच्या खोक्यावर आणि विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारी, सेवा आणि सुरक्षा अपडेट किमान कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ती तारीख छापा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेटची किमान मुदत जाहीर करणे कायद्याने सक्तीचे झाले आहे, म्हणजे तुमच्यातल्या अनेकांकडे ही माहिती तयारच आहे. एका देशाच्या ग्राहकाला जी तारीख सांगता ती बाकीच्यांपासून का लपवायची?

दोन. उपकरणाचे मूळ काम इंटरनेट आणि खाते यांच्याशिवाय चालले पाहिजे. रक्तदाबाच्या यंत्राने रक्तदाब दाखवावा, दिवा लागावा, कुलूप उघडावे. दुरून नियंत्रण, हवामानानुसार आपोआप बदल, वापराचे आलेख, या वरच्या सोयी सर्व्हरवर ठेवा आणि त्यांचे वेगळे पैसे घ्या, माझी हरकत नाही. गूगलने नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटची (घराचे तापमान राखणाऱ्या यंत्राची) जोडणी ऑक्टोबर २०२५ मध्ये तोडली तेव्हा लोक चिडले, पण भिंतीवरचे यंत्र हाताने फिरवून तापमान अजूनही ठरवता येते. एवढी किमान पातळी प्रत्येक उपकरणाला लागू व्हावी.

तीन. सेवा बंद करताना, बंद व्हायच्या आधी, तीन गोष्टी प्रसिद्ध करा: उपकरण ज्या प्रोटोकॉलने (संवादाच्या नियमांनी) बोलते त्याची संपूर्ण माहिती, बूटलोडर उघडण्याची सोय, आणि सर्व्हरचा पत्ता बदलता येईल असे एक शेवटचे फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर. तुमचा सगळा मूळ कोड मी मागत नाही. त्यात दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेले भाग असतात, ते खुले करणे तुमच्या हातात नसते, हे मान्य आहे. प्रोटोकॉलची माहिती मात्र सर्वस्वी तुमची असते, आणि ज्या उत्पादनातून तुम्ही बाहेर पडत आहात त्यात व्यापारी गुपित ते काय उरते?

चार. ग्राहकाच्या नोंदी ग्राहकाला साध्या, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये मिळाव्यात. सेवा चालू असताना कधीही, आणि बंदची घोषणा झाल्यावर किमान वर्षभर. नुसत्या आलेखांची चित्रे नकोत, आकडे हवेत.

पाच. शरीरात बसवायच्या उपकरणांसाठी आराखडे, सॉफ्टवेअर, एमआरआयसारख्या तपासण्यांची सुरक्षा माहिती आणि सुटे भाग पुरवण्यापुरता निधी एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे आधीच ठेवा. कंपनी बंद पडली की तो सगळा साठा रुग्णालयांना आपोआप खुला व्हावा. नियामक संस्थांनी या अटीशिवाय परवानगीच देऊ नये.

यातले काही कायद्याने येतेच आहे. युरोपचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा अपडेट द्यावी लागतील. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळतो आहे, हे स्पष्ट सांगावे लागते. हे चांगले आहे, पण पुरेसे नाही. पाच वर्षांनी काय, याचे उत्तर यात नाही, आणि "तुम्हाला मालकी मिळत नाही" असे स्पष्ट सांगितल्याने मालकी मिळत नाही ते नाहीच.

तुमच्यातल्या अभियंत्यांशी थोडे वेगळे बोलायचे आहे. हे निर्णय बहुतेकदा तुम्ही घेत नाही, हे मी जाणतो. पण रचनेच्या बैठकीत तुम्ही बसलेले असता. तिथे एक चाचणी सुचवा: उपकरण चालू असताना कंपनीचे सगळे सर्व्हर नाहीत असे समजून जोडणी तोडा आणि बघा काय काय थांबते. थांबलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर ती का थांबली याचे कारण लिहायला लावा. कारण सापडत नसेल तर तो दोष म्हणून नोंदवा, बाकी दोष नोंदवता तसाच. ब्लूटूथच्या मानकांत यंत्रासाठी जाहीर पद्धत असेल तर तीच वापरायचा आग्रह धरा. या टप्प्यावर हे बदल स्वस्तात होतात, पाच वर्षांनी होत नाहीत. तुम्ही बनवलेल्या वस्तू चांगल्या असतात म्हणूनच त्या बंद पडल्यावर लोक एवढे हळहळतात.

पहिल्या दोन मागण्यांना वेळ लागेल, कारण त्या नव्या उत्पादनांतच नीट उतरतील. पाचवीला कायदा लागेल. तिसऱ्या आणि चौथ्या मागणीला मात्र थांबण्याचे कारण नाही. ज्या कंपन्यांनी एखादी सेवा बंद करण्याची तारीख जाहीर केली आहे आणि ती तारीख अजून उलटलेली नाही, त्यांनी त्याआधी प्रोटोकॉलची माहिती प्रसिद्ध करावी, बूटलोडर उघडावा आणि नोंदी उतरवून घ्यायला लोकांना वेळ द्यावा. ज्यांच्या तारखा उलटून गेल्या आहेत त्यांच्याकडे ही कागदपत्रे अजून कुठल्या तरी सर्व्हरवर पडलेली असतील. तीही प्रसिद्ध करता येतील. तुमचे उत्तर जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक आणि सॉफ्टवेअर अभियंता